अधिवेशनाचा खर्च आणि बाबांचा अबोला

पत्र

ताई, मी २६ वर्षांची आहे. सीएच्या शेवटच्या परीक्षेची तयारी करते आहे. आम्ही नागपूरचेच. बाबा सार्वजनिक बांधकाम विभागातून निवृत्त झाले. माझ्या लहानपणीचे डिसेंबर बाबांशिवाय गेले, कारण विधिमंडळाच्या अधिवेशनाची ड्युटी. आमदार निवास, मंत्री उतरतात ते रविभवन, कर्मचाऱ्यांचे १६० गाळे, सगळीकडचं रंगकाम, गाद्या, नळ, दिवे त्यांनी सांभाळले.

मागच्या महिन्यात मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं की आठवडाभराच्या हिवाळी अधिवेशनासाठी एवढा पैसा घालवणं ही उधळपट्टी आहे. परंपरा म्हणून किती वर्षं चालवायची? एकदाचं बंद करा. पुढे हेही लिहिलं की त्याच भिंती दर वर्षी रंगवण्यात माणसांच्या अख्ख्या नोकऱ्या गेल्या. बाबा एवढंच म्हणाले, "राजधानी देऊन बसलो आम्ही, अन् तुले आठ दिवसाचा मांडव डोळ्यात खुपते?" तेव्हापासून ते माझ्याशी धड बोलत नाहीत. काकांनी ग्रुप सोडला. आई म्हणते, माफी माग. पण ज्या खर्चाला कुणी हात लावत नाही, त्याबद्दल विचारायचंच नाही का? माफी मागितली तर प्रश्नही मागे घेतल्यासारखं होईल. काय करू?

एक हिशेबी मुलगी, नागपूर

उत्तर

हिशेबी मुली,

प्रश्न मागे घेऊ नकोस. माफीबद्दल पुढे बोलू, पण ती प्रश्नाची नसेल, एवढं आत्ताच सांगून ठेवते. लोकांच्या पैशातून होणारा कोणताही खर्च प्रश्नाच्या पलीकडे नसतो. आपल्या राज्याने १९८६ च्या सुमारास शून्याधारित अर्थसंकल्पाचा प्रयोग केला होता, हे तू अभ्यासात वाचलं असशील. गेल्या वर्षी झाला म्हणून यंदा खर्च मंजूर, असं तिथे चालत नाही. प्रत्येक बाब शून्यापासून मांडायची आणि ती का हवी हे पुन्हा पटवून द्यायचं. तू ग्रुपवर तेच विचारलंस. प्रश्न रास्त होता. 'बंद करा' हे उत्तर मात्र तू फार लवकर दिलंस, आणि ते का लवकर वाटतं हे मला तुला नीट सांगायचं आहे.

कधीच बदलणार नाहीत असं वाटणाऱ्या किती गोष्टी आपल्या डोळ्यांदेखत बदलल्या ते बघ. केंद्राचा अर्थसंकल्प संध्याकाळी पाच वाजता मांडायची रीत ब्रिटिश काळापासून चालत आलेली होती. १९९९ मध्ये यशवंत सिन्हांनी तो सकाळी अकराला मांडला आणि कुणाचं काहीही गेलं नाही. २०१७ पासून तो फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवसाऐवजी १ फेब्रुवारीला येऊ लागला, म्हणजे एप्रिलपासूनच खात्यांच्या हाती पैसा पडावा. मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे त्याच वर्षी १ मे रोजी उतरले. संसदेच्या कॅन्टीनमधलं स्वस्त जेवण २०२१ मध्ये संपलं. या सगळ्या नुसत्या सवयी होत्या, किंवा सत्तेत बसलेल्यांनी स्वतःला दिलेल्या सोयी. त्या गेल्या हे चांगलंच झालं.

रेल्वे अर्थसंकल्पाची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही. ॲक्वर्थ समितीच्या शिफारशीनंतर १९२४ मध्ये रेल्वेचा हिशेब सरकारच्या बाकी हिशेबापासून वेगळा झाला. सुरेश प्रभूंनी २५ फेब्रुवारी २०१६ रोजी शेवटचा स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्प मांडला आणि पुढच्या वर्षापासून तो मुख्य अर्थसंकल्पात विलीन झाला. हिशेबाच्या दृष्टीने निर्णय योग्य होता. रेल्वेने सरकारला दर वर्षी जो लाभांश द्यायचा, तो बंद झाला आणि रेल्वेवरचा भार कमी झाला. पण आपल्यासारख्या जंक्शनच्या गावाला त्यातून काही गमवावंही लागलं. पूर्वी वर्षातून एकदा सगळा देश रेल्वेबद्दल बोलायचा. कोणती गाडी मिळाली, कोणता मार्ग मागे पडला, कोणत्या भागाला पुन्हा ठेंगा दाखवला, हे दुसऱ्या दिवशी प्रत्येक वर्तमानपत्रात पानभर यायचं. आता तेच आकडे रेल्वेच्या कामांची यादी असलेल्या पिंक बुकमध्ये शोधावे लागतात, आणि शोधणारे मोजके असतात. खर्चाची परंपरा संपली की तिला चिकटलेली एखादी विचारणा करायची जागाही कधीकधी संपते. ती ताळेबंदात दिसत नाही, म्हणून तिचा तोटाही कुणी लिहून ठेवत नाही.

नागपूरच्या सगळ्यात जवळचं उदाहरण जम्मू-काश्मीरचं आहे. महाराजा रणबीर सिंग यांनी १८७२ मध्ये 'दरबार मूव्ह' सुरू केली. उन्हाळ्यात सरकार श्रीनगरला, हिवाळ्यात जम्मूला. ट्रक भरभरून फायली आणि हजारो कर्मचारी वर्षातून दोनदा डोंगर ओलांडायचे. २०२१ मध्ये फायली संगणकावर आल्या आहेत असं कारण देऊन ही प्रथा थांबवली आणि वर्षाला सुमारे २०० कोटी वाचतील असं सांगितलं गेलं. ऐकायला अगदी तुझ्या मनासारखं. पण जम्मूच्या बाजारपेठेचा हिवाळा थंडावला, व्यापारी तक्रार करू लागले. त्याहून मोठी तक्रार अशी होती की दोन भागांना बांधून ठेवणारा एक धागा तुटला. २०२५ मध्ये ओमर अब्दुल्ला सरकारने ती प्रथा पुन्हा सुरू केली. त्या २०० कोटींच्या हिशेबात कदाचित काहीच चूक नसेल. फक्त त्या पैशाने नक्की काय विकत घेतलं जात होतं, हे कुणी आधी विचारलं नव्हतं.

आता आपल्याकडे येऊ. नागपूरच्या अधिवेशनाच्या पैशाने काय विकत घेतलं जातं?

बाबांचं 'राजधानी देऊन बसलो' हे वाक्य तुला भावनेच्या भरातलं वाटलं असेल. मला त्यात कागदोपत्री इतिहास दिसतो. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला तेव्हापासून १९५६ पर्यंत नागपूर राजधानी होतं. १९३६ पासून इथे स्वतःचं उच्च न्यायालय होतं. राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फजल अली आयोगाने १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भ राज्याची शिफारस केली होती, म्हणजे नागपूरला राजधानी राहण्याचा पर्याय समोर होता. तरी विदर्भ आधी द्विभाषिक मुंबई राज्यात आणि पुढे महाराष्ट्रात आला. राजधानी गेली, सचिवालय गेलं, उच्च न्यायालयाचं खंडपीठ झालं. हे सगळं कशाच्या भरवशावर झालं? २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराच्या. भाऊसाहेब हिरे, यशवंतराव चव्हाण, गोपाळराव खेडकर ही त्यावर सह्या करणाऱ्यांपैकी काही नावं. विकासाचा पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात, सरकारी नोकऱ्यांत लोकसंख्येनुसार वाटा, व्यावसायिक शिक्षणात जागा असं बरंच त्यात होतं. आणि हेही होतं की सरकार दर वर्षी ठरावीक काळ अधिकृतपणे नागपुरात येईल आणि विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन इथे भरेल. राज्य झालं त्याच वर्षी, नोव्हेंबर १९६० मध्ये, पहिलं अधिवेशन इथे भरलं.

म्हणून या खर्चाला नुसती परंपरा म्हणणं मला पटत नाही. तो एका व्यवहारातला हप्ता आहे. आपल्या बाजूने मुद्दल १९५६ लाच देऊन झालं.

बाकीच्या कलमांचं काय झालं तेही बघ, म्हणजे बाबांचा राग कुठून येतो ते कळेल. पैशाच्या वाटणीबद्दल इतकी नाराजी साठली की १९८३ मध्ये वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमावी लागली. तिने पुढच्या वर्षी राज्याचा एकूण अनुशेष, म्हणजे विकासातली मागे राहिलेली तूट, ३,१८६ कोटींच्या घरात मोजला, आणि त्यात विदर्भाचा वाटा मोठा होता. घटनेच्या ३७१(२) कलमानुसार विकास मंडळं यायला १९९४ उजाडलं. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. आधी अनुशेष, मग मंडळ, मग मंडळाचीही मुदत संपलेली. या सगळ्यात जे एक कलम डोळ्यांना दिसतं, दर डिसेंबरात रस्त्यावर दिसतं, ते म्हणजे अधिवेशन. तुझ्या बाबांनी आयुष्यभर नेमकं तेच कलम हाताने उभं केलं, पाण्याच्या टाक्या भरून, गळके नळ बदलून, रात्री दोनला फ्यूज बसवून. आणि त्यांच्याच मुलीने सगळ्यांसमोर त्याला उधळपट्टी म्हटलं.

दिलेलं वचन कधीच मोडता येत नाही, असं मी म्हणत नाही. संस्थानिकांच्या तनख्याचंही वचनच होतं, आणि ते खुद्द घटनेत लिहिलेलं होतं. १९७० मध्ये तो रद्द करायचं विधेयक राज्यसभेत थोडक्यात पडलं. मग राष्ट्रपतींच्या आदेशाने राजांची मान्यताच काढून घेतली, तर सर्वोच्च न्यायालयाने त्या डिसेंबरात तो आदेश रद्द ठरवला. तेव्हा सरन्यायाधीश होते एम. हिदायतुल्ला, आपल्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी आणि पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती. अखेर निवडणूक झाली, लोकांनी कौल दिला आणि १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे गेले. मला स्वतःला तो निर्णय योग्य वाटतो, कारण जन्माच्या जोरावर मिळणारा पैसा प्रजासत्ताकात शोभत नव्हता. पण ते कसं झालं ते बघ. संसद, न्यायालय, निवडणूक आणि पुन्हा संसद. वचन मोडायचं तर ते असं उघड्यावर, ज्याला दिलं त्याच्यासमोर, कारण सांगून मोडायचं.

नागपूर अधिवेशनाच्या बाबतीत मात्र उलटं होतंय. ते बंद करू, असं कुणी म्हणत नाही. ते नुसतं आखडत चाललंय. २०२० आणि २०२१ मध्ये, साथीच्या काळात, ते मुंबईला झालं, ते समजण्यासारखं होतं. २०२३ मध्ये ७ ते २० डिसेंबर चाललं. २०२४ मध्ये १६ ते २१ डिसेंबर. २०२५ मध्ये ८ ते १४ डिसेंबर. म्हणजे जेमतेम आठवडा.

इथे मला तुझ्यातली सीए हवी आहे. इमारतीचं रंगकाम, गाद्या, पडदे, मंडप, संगणकाच्या जोडण्या, मुंबईहून फायली आणि माणसं आणणं हा जवळजवळ स्थिर खर्च आहे. अधिवेशन सहा दिवस चालो की सोळा, तो फारसा बदलत नाही. दिवस कमी केले तर वाचतं थोडं, आणि कामकाजाच्या एकेका तासाचा भाव मात्र वाढतो. तुला जी उधळपट्टी वाटते तिचं मूळ मला इथे दिसतं. मांडव पूर्ण घातला जातो, पंगत अर्ध्यात उठते. तू 'बंद करा' म्हणालीस. माझी मागणी 'पूर्ण भरवा' अशी आहे, आणि ती तुझ्याच शास्त्राच्या आधाराने करते आहे.

शिवाय हे आठ दिवस पैशाच्या दृष्टीने नाममात्रही नसतात. पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पानंतर लागणाऱ्या वाढीव खर्चाच्या मागण्या, इथेच मंजूर होतात. २०२३ च्या नागपूर अधिवेशनात त्या ५५ हजार कोटींहून अधिक होत्या. भिंतीच्या रंगावर जेवढी चर्चा गावात होते, तेवढी या मागण्यांवर सभागृहात झाली का, हा प्रश्न तुझ्यासारखीने विचारायला हवा. अधिवेशनाचा सगळा खर्च एकत्र केला तरी तो या आकड्यापुढे किरकोळ आहे, आणि थोड्या दिवसांत घाईने मंजूर झालेल्या मागण्यांत जे निसटतं ते किरकोळ नसतं.

आणखी एक गोष्ट रुपयांत मांडता येत नाही, तरी लिहिते. गडचिरोलीच्या अंगणवाडी सेविकेला मुंबईचं मंत्रालय गाठणं म्हणजे पदरचे पैसे, रजा, आणि अनोळखी शहरात मुक्काम. नागपूरला ती गावातल्या बायांबरोबर भाकर बांधून येते, यशवंत स्टेडियमवर बसते, मोर्च्यात चालते. आमदार दारात असतो तेव्हा त्याला गाठणं शक्य असतं. तुम्हा शहरातल्यांना ते आठ दिवस म्हणजे सीताबर्डीची अडलेली वाहतूक. त्या बाईसाठी वर्षातून एकदा सरकार हाताच्या अंतरावर आलेलं असतं.

ते अंतर किती महाग पडू शकतं हेही याच शहराने पाहिलंय. २३ नोव्हेंबर १९९४. गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनाजवळ अडवलेला. अनुसूचित जमातीत समावेशाची मागणी होती. सरकारकडून कुणी येऊन ऐकून घेईल म्हणून लोक दिवसभर थांबले. संध्याकाळी लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जीव गेले, त्यात बायका आणि लेकरं फार. ती मागणी पुढे न्यायालयात गेली. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. अधिवेशन नागपूरला का हवं, याचं उत्तर मला त्या दिवसात सापडतं, आणि ते कसं हवं याचंही. सरकार इथे येऊन दाराआड बसणार असेल तर आठ दिवसही जास्त आहेत. ते बाहेर येऊन ऐकणार असेल तर महिनाही पुरणार नाही. तुझे बाबा त्या वर्षी नोकरीत असतील तर त्यांना तो दिवस आठवत असणारच. कधी त्यांनी आपणहून विषय काढला तर ऐक. तू काढू नकोस.

आता तुझी बाजू. करार पवित्र म्हणून त्याच्या नावावर होणारं प्रत्येक बिल पवित्र, असं मी मुळीच मानत नाही. करारात एक अधिवेशन आहे. दर वर्षी नवे पडदे त्यात नाहीत. 'हिवाळी' हाही शब्द त्यात नाही. २०१८ मध्ये पावसाळी अधिवेशन इथे घेऊन पाहिलं. ६ जुलैला मुसळधार पाऊस झाला, विधानभवनात पाणी शिरलं, वीज गेली आणि त्या दिवसाचं कामकाज बुडालं. म्हणजे ऋतू बदलता येतो, हे तेव्हा सिद्ध झालं. आणि इमारतीची निगा हा चैनीचा विषय नाही, हेही.

तेव्हा वेगवेगळे खर्च वेगळे करून बघायला शीक. बंदोबस्ताच्या पोलिसाचा पगार तो कुठेही असला तरी द्यावाच लागतो, तो अधिवेशनाच्या नावावर टाकणं चूक आहे. त्याचा प्रवास आणि भत्ता मात्र टाकायला हवा. विदर्भातल्या आमदारांचा मुंबईचा मुक्काम वाचतो, तो वजा व्हायला हवा. छताची दुरुस्ती वर्षभर उपयोगी पडते, ती एका आठवड्यावर मारता येत नाही. मग उरतो तो खरोखर टाळता येण्याजोगा खर्च. चांगल्या गाद्या फेकून नव्या घेणं, न सोललेल्या रंगावर रंग चढवणं, एकाच कामाचं दोनदा बिल, नोव्हेंबरच्या अखेरीस घाईने काढलेली टेंडरं. अधिवेशन डिसेंबरात आहे हे जानेवारीपासून माहीत असतं, तरी कामं तोंडावर का निघतात? घाई दाखवली की स्पर्धा टाळता येते. त्या वाटेने पैसा जातो, आणि तिथे हात घालायला कोणताही करार आड येत नाही.

हे शोधायचं कसं ते तुला येतं. राज्य सरकारच्या महाटेंडर्स संकेतस्थळावर निविदा दिसतात. पुढचं माहितीच्या अधिकारात मागता येतं. अर्ज १५० शब्दांच्या आत, एकाच विषयावर, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. 'अधिवेशनावर किती खर्च झाला' असं मोघम विचारलंस तर मोघम उत्तर येईल. एकच इमारत घे, समजा आमदार निवासाची एक विंग, आणि तीन वर्षांची अंदाजपत्रकं, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची, म्हणजे झालेलं काम मोजून लिहितात त्या एम.बी.ची, पानं आणि अंतिम देयकं माग. तीन वर्षांची एम.बी. शेजारी शेजारी ठेवली की तीच खोली तेवढ्याच चौरस मीटरने दर वर्षी रंगली का, ते कळतं. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर पहिलं अपील करता येतं.

आणि ही एम.बी. वाचणारा सगळ्यात जाणता माणूस तुझ्याच घरात आहे. कोणतं काम खरं होतं, कोणतं वरून आलेल्या चिठ्ठीवर झालं, कुठल्या गाद्या चार वर्षं सहज टिकल्या असत्या, हे ऑडिट करणाऱ्याला कागदावरून कळत नाही. बाबांना ते पाठ असेल. इतक्या वर्षांत ते त्यांना कुणी विचारलं नसेल, याची मला जवळजवळ खात्री आहे.

म्हणून माफी माग, पण नेमकी. अधिवेशनाबद्दलच्या प्रश्नाची नको. तू लिहिलंस की भिंती रंगवण्यात माणसांच्या नोकऱ्या गेल्या, त्या वाक्याची माग. ते अन्यायाचं होतं. कोणती भिंत किती वेळा रंगवायची हे त्यांनी ठरवलं नव्हतं. जे ठरवत होते त्यांना तुझं वाक्य लागलंही नाही, ते लागलं त्या पगारावर तुला शिकवणाऱ्या माणसाला. आणि ते सगळ्या नातलगांसमोर लागलं, म्हणून माफीही त्याच ग्रुपवर दोन ओळींत माग. घरात कुजबुजून मागितलीस तर त्यांचा मान परत येत नाही. तिथे 'पण' लिहू नकोस. प्रश्नाचं काय करायचं ते दुसऱ्या दिवशी, समोरासमोर.

समोर बसशील तेव्हा बाजू मांडत बसू नकोस. 'बाबा, ज्या वर्षी सगळ्यात जास्त वायफळ खर्च झाला असं तुम्हाला वाटलं, ते वर्ष कोणतं?' असं विचार आणि गप्प राहा. ते बोलतील. अशा माणसांच्या मनात निवृत्तीनंतर पुष्कळ काही साठून राहिलेलं असतं. ते न बोलता उठून गेले तर त्या दिवशी सोडून दे. अर्ज मात्र टाक. कागद घरी आले की त्यांच्यासमोर ठेव आणि पहिल्या पानावरचं काही कळत नाही म्हण. ते खोटंही नसेल, कारण पहिल्यांदा एम.बी. वाचणाऱ्याला ती कळत नाहीच.

काकांना फोन बाबांनाच करू दे. त्यांचं भांडण तुझ्याशी नव्हतंच, ते भावाच्या बाजूने उठले होते. माफी ग्रुपवर आली की बाबाच सांगतील त्यांना, परत ये म्हणून.